संकेतस्थळाचे मखर आणि मखर करणाऱ्याचे पैसे



गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तीन प्रश्न आमच्यासमोर आले. अकरावीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या दाराशी उभा राहून म्हणाला, "सर, घरी बसून वेबसाइटच्या थीम बनवल्या तर खरंच पैसे मिळतात का?" दोन दिवसांनी पालक सभेत एका आईने विचारले, मुलगा रात्री दोनपर्यंत लॅपटॉपसमोर बसून 'फ्रीलान्सिंग' करतो म्हणतो, म्हणजे नेमके करतो काय? आणि शनिवारी विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ठरले की शाळेचे संकेतस्थळ नव्याने करून घ्यायचे. एक ज्येष्ठ सदस्य सहज म्हणाले, "आपलाच कोणी मुलगा बघा की, करून देईल."

या शेवटच्या वाक्याशी आम्ही अडखळलो. का, ते पुढे सांगतो. तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच असल्यामुळे या अंकातला संगणकाचा पाठ तिघांसाठी मिळून लिहीत आहोत. मुलांनी पहिला भाग वहीत उतरवून घ्यावा. विश्वस्त मंडळींनी घाई असल्यास दुसऱ्या भागापासून वाचले तरी चालेल.

थीम म्हणजे काय?

आपल्या गणेशोत्सवाचे उदाहरण घेऊ. मूर्ती तीच, आरती तीच, नैवेद्य तोच. मखर मात्र दरवर्षी नवे. एका वर्षी थर्माकोलचा महाल, पुढे त्यावर टीका झाली म्हणून बांबूची झोपडी, त्यापुढच्या वर्षी राजवाड्याची प्रतिकृती. मूर्तीला धक्का न लावता मखर बदलता येते. संकेतस्थळात मजकूर ही मूर्ती, आणि थीम हे मखर.

ही वेगळेपणाची सोय पहिल्या दिवसापासून नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती जगासमोर आली. तेव्हा पानाचा मजकूर एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिला जाई. पुढे अक्षराचा रंग आणि आकारही त्याच मजकुरात कोंबला जाऊ लागला. शंभर पाने असतील आणि मथळ्याचा रंग बदलायचा असेल तर शंभर ठिकाणी हात लावा. १९९४ मध्ये होकोन व्हिउम ली यांनी सुचवले की रूपाचे नियम वेगळ्या कागदावर लिहावेत. त्यातून सीएसएस आले व डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली. आता नियम एका जागी बदलला की शंभर पानांचा रंग बदलतो.

याची ताकद डोळ्यांनी पाहायची असेल तर 'सीएसएस झेन गार्डन' पाहा. डेव्ह शे या डिझायनरने २००३ मध्ये एकच मजकूर ठेवला आणि जगभरच्या कारागिरांना सांगितले, मजकुराला हात लावायचा नाही, फक्त सीएसएसची फाइल बदला. एकाने बाग केली, दुसऱ्याने जुने पोस्टर, तिसऱ्याने समुद्र. आम्ही वर्गात ही पाने एकामागून एक दाखवली तेव्हा मुलांना पटेना की मजकूर तोच आहे. एका मुलीने खरोखर शब्द मोजले.

त्याच वर्षी, २७ मे २००३ ला, मॅट मलनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २००५ च्या १.५ आवृत्तीत त्यात थीमची सोय आली. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे वर्डप्रेस आहे, म्हणून थीम शिकायची तर बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. जुन्या पद्धतीच्या थीमला किमान दोन फायली पुरतात: 'स्टाइल डॉट सीएसएस' आणि 'इंडेक्स डॉट पीएचपी'. पहिलीच्या डोक्यावर थीमचे नाव लिहिलेले असते, त्यावरून वर्डप्रेस तिला ओळखते. पुढे पानाचे डोके, पाय, एकेक लेख, अशा प्रत्येकाची वेगळी फाइल करता येते. जानेवारी २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून ब्लॉक थीम आल्या. त्यात रंग आणि अक्षरांचे माप 'थीम डॉट जेसन' या एका फाइलमध्ये बसते व पानाची मांडणी पडद्यावरच ठोकळे सरकवून होते.

एक काळजी आत्ताच सांगून ठेवतो. दुसऱ्याने केलेली थीम घेऊन तिच्या फायलींमध्ये थेट बदल करू नका. मूळ कर्त्याने नवी आवृत्ती काढली आणि तुम्ही 'अपडेट' दाबले की तुमची सगळी मेहनत पुसली जाते. त्यासाठी 'चाइल्ड थीम', म्हणजे मूळ थीमच्या मांडीवर बसणारी छोटी थीम करतात. तिच्यात फक्त आपले बदल असतात. आमच्या शाळेचे निळे-केशरी मुखपृष्ठ एका रात्रीत पांढरे पडले होते ते याच कारणाने.

सरावाला पैसे लागत नाहीत. 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' ब्राउझरमध्येच उघडते. तिथे मोडतोड करा, पान बंद करा, कोणाचे नुकसान नाही.

मराठीचे मखर वेगळे

बाजारातल्या बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. त्यात मराठी ओतली की काय होते, ते आम्ही स्वतः भोगले आहे.

आमच्या पहिल्या संकेतस्थळावरचा निम्मा मजकूर कार्यालयाने कृतिदेवमध्ये टंकून दिला होता. इकडे इंदुरात प्रत्येक टायपिंगच्या दुकानात कृतिदेवच. त्या फॉन्टची गंमत अशी की पडद्यावर 'कमल' दिसते, पण संगणकाच्या पोटात डी, ई, वाय ही रोमन अक्षरे साठवलेली असतात. फॉन्ट असेल तर कमल, नसेल तर 'डे' सारखे काहीतरी. पालकांच्या मोबाइलवर अख्खी प्रवेश सूचना अशी रोमन अक्षरांची खिचडी होऊन उमटली. शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही, कारण तिथे मराठी नसतेच. यावर उपाय युनिकोड. त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, फॉन्ट कोणताही असो. आज हे सगळ्यांना माहीत आहे असे म्हणतात. तरी गेल्या पंधरवड्यात एक परिपत्रक आमच्याकडे कृतिदेवमध्येच आले.

युनिकोड झाले तरी काम संपत नाही. रोमन अक्षरांच्या ओळी जवळजवळ चालतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. 'मूर्तीं'सारखा शब्द घ्या आणि त्याच्या वरच्या ओळीत 'कृतज्ञ' ठेवा. ओळींमधले अंतर कमी असेल तर दोघांची टक्कर होते. म्हणून अक्षराच्या उंचीच्या १.६ ते १.८ पट ओळीची उंची ठेवावी. मोबाइलवर मजकुराचे अक्षर १८ पिक्सेलच्या आसपास असावे. १४ वर आजोबा चष्मा शोधतात.

मथळ्यातली अक्षरे लांब लांब ठेवायची फॅशन आहे. सीएसएसमध्ये तिला 'लेटर स्पेसिंग' म्हणतात. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसतो. मराठी मथळ्यासाठी हे माप शून्य ठेवा. तिरकी अक्षरेही शक्यतो नकोत. आमच्या नव्या संकेतस्थळाचा कच्चा नमुना दोन मुलांनी एआयकडून काही मिनिटांत करून घेतला. दिसायला देखणा होता, पण शाळेच्या नावाची शिरोरेषा सात ठिकाणी तुटलेली. यंत्राने लिहिले, चूक मात्र मुलांनीच पकडली. पुढे असे काम करून पैसे मिळायचे असतील तर असे पकडण्याचेच मिळतील, असे आम्हाला वाटते.

आणखी एक चूक आमचीच. आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे आमच्या डोळ्यांना जे खटकले नाही ते शाळेच्या निवृत्त मराठीच्या बाईंना पहिल्या नजरेत खटकले. त्या म्हणाल्या, "हा ल आपला नाही." हिंदी ल ला उजवीकडे पूर्ण दंड असतो, मराठी ल म्हणजे आखूड देठाने शिरोरेषेला टांगलेल्या दोन वाट्या. श चेही असेच दोन आकार आहेत. युनिकोडमध्ये क्रमांक एकच, आकार फॉन्टच्या पोटात. ज्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार ठेवलेले असतात त्याला पानाची भाषा सांगावी लागते. वर्डप्रेसमध्ये भाषा मराठी निवडली आणि थीमने ती खूण पानाच्या सुरुवातीला नीट उमटवली तर पानावर 'एमआर' ही खूण येते आणि असा फॉन्ट मराठी ल दाखवतो. हीच खूण पाहून डोळ्यांनी न दिसणाऱ्या वाचकांसाठीचे वाचनयंत्र मराठी उच्चार निवडते. एका खुणेत दोन कामे.

'दुसऱ्या', 'शेतकऱ्या' या शब्दांतला अर्धा र हाही असाच. हिंदी टंकन शिकलेला माणूस तिथे रफार देतो आणि 'दुसर्या' लिहितो. आपल्या जुन्या पानावर 'दुसर्या सत्राची फी' असे चार वर्षे झळकत होते. चार वर्षांत ते आमच्याच लक्षात आले नाही, दुसऱ्या कोणाला काय बोलणार!

बाकीचे थोडक्यात. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे आपल्याला शाळेचा रंग म्हणून प्रिय आहेत, पण उन्हात मोबाइलवर वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे प्रमाण किमान ४.५ ला १ असावे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि ते तपासणारी साधने फुकट मिळतात. सूचना चित्र करून लावू नये. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, मोठा करता येत नाही. स्नेहसंमेलनाचे मोबाइलने काढलेले तीस फोटो, प्रत्येकी ५ एमबी, म्हणजे एका पानासाठी १५० एमबी. पालकाचा दिवसभराचा डेटा कोळीनृत्यातच संपतो. फोटो रुंदीला १२०० पिक्सेल करून लावले तर प्रत्येकी दीड-दोनशे केबीत भागते. आणि सर्वांत वर संस्थेचा इतिहास नको. पालक फी, सुट्टी आणि निकाल यासाठी येतो, त्याला ते आधी दिसू द्या. (विश्वस्त मंडळींनी रागावू नये. इतिहासाचे पान राहणारच आहे, दुसऱ्या क्रमांकावर.)

आता आमच्या शाळेची गोष्ट

२०११ मध्ये आपल्या शाळेचे पहिले संकेतस्थळ एका माजी विद्यार्थ्याने केले. तेव्हा तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होता. आम्ही तेव्हा गणित शिकवत होतो आणि संगणक कक्ष आमच्याकडे होता, त्यामुळे त्याला बोलावणारे आम्हीच. सहा हजार रुपये ठरले. ठरले म्हणजे जिन्यात उभे राहून बोलणे झाले. कागद नाही, ठराव नाही. मुलाने उन्हाळ्याची सुट्टी त्यात घातली. मग सुधारणा सुरू झाल्या. अध्यक्षांचा फोटो मोठा, मग लहान, मग पुन्हा मोठा. त्याने एकदाही नाही म्हटले नाही. २६ जानेवारीला मंचावर त्याला शाल आणि श्रीफळ दिले, टाळ्या झाल्या, आणि सहा हजारांचा विषय त्या टाळ्यांत बुडाला. आपलाच मुलगा होता.

नंतर त्याला पुण्यात नोकरी लागली. २०१६ च्या मे महिन्यात, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, एका पालकांचा फोन आला, "सर, शाळेच्या वेबसाइटवर रमीची जाहिरात येते आहे." संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली होती आणि ते नाव परक्या कोणीतरी घेऊन टाकले होते. चौकशीत कळले की नाव त्या मुलाच्या ईमेलवर, त्याच्याच नावाने नोंदलेले होते. आम्ही संतापलो. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही वर्गात बेजबाबदारपणाचे उदाहरण म्हणून हीच गोष्ट सांगत आलो. नाव घेत नव्हतो, पण इंदूर एवढेसे, मराठी मंडळी त्याहून कमी. ज्यांना कळायचे त्यांना कळत असे.

या वर्षी नव्या संकेतस्थळासाठी जुन्या फायली हव्या होत्या म्हणून त्याला फोन केला. तो शांतपणे बोलला. संध्याकाळी त्याने काही न लिहिता २०१६ मधले आपलेच तीन ईमेल पुढे पाठवले. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तिन्हीत एकच मजकूर: नावाची मुदत संपते आहे, मी आता याकडे पाहू शकणार नाही, कृपया शाळेने आपल्या नावावर करून घ्यावे, कसे करायचे ते सोबत लिहिले आहे. तिन्ही शाळेच्या कार्यालयाच्या पत्त्यावर गेले होते. त्या पत्त्याचा पासवर्ड एका लिपिकांकडे होता आणि ते २०१५ च्या डिसेंबरात निवृत्त झाले होते.

आम्ही त्याची फोनवर क्षमा मागितली. ज्या वर्गांत ती गोष्ट सांगितली ते वर्ग आता शाळेत नाहीत, म्हणून इथे लिहीत आहोत.

फ्रीलान्सिंग करायचे असेल तर

आता त्या अकरावीतल्या मुलाला उत्तर. होय, पैसे मिळतात. फ्रीलान्सर म्हणजे महिन्याच्या पगाराऐवजी एकेका कामाचा मेहनताना घेणारा. आपला सुतार, आपला वाजंत्रीवाला हे पिढ्यानपिढ्या हेच करत आले. फरक इतकाच की सुतार विसार घेतल्याशिवाय करवत लावत नाही आणि संगणकवाला संकोचाने गप्प बसतो.

आधी वयाचे. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती वैध करार करू शकत नाही. म्हणून शाळेत असताना शिका, नमुने करा, पण पैशाचे काम असेल तर आई-वडिलांना मध्ये घ्या. रात्री दोनपर्यंत लपून करायचे हे काम नव्हे. खोटे वय घालून कामाच्या संकेतस्थळांवर खाते उघडणेही नको. ते बंद होते, आणि त्यातले पैसेही अडकू शकतात. जो काम देण्याआधी तुमच्याकडूनच नोंदणी शुल्क वा अनामत मागतो तो काम देणारा नाही, लुबाडणारा आहे. पालकांनी ही एक ओळ मुलांना मोठ्याने वाचून दाखवावी.

पहिले काम हाती घेताना सर्वांत आधी लिहा. करारपत्र वकिली भाषेत नसले तरी चालते. साध्या मराठीत एक पान, दोघांच्या सह्या. किती पाने, मजकूर कोण देणार व कोणत्या तारखेपर्यंत, फोटो कोण देणार, किती वेळा दुरुस्ती फुकट आणि त्यानंतर प्रत्येक वेळी किती. "दोन फेऱ्या दुरुस्ती समाविष्ट" एवढी ओळ आमच्या त्या विद्यार्थ्याने लिहून घेतली असती तर अध्यक्षांच्या फोटोने त्याची अर्धी सुट्टी खाल्ली नसती. मजकूर वेळेवर न मिळणे हे उशिराचे सर्वांत मोठे कारण असते, आणि तो उशीर कारागिराच्या माथी मारला जातो. म्हणून तीही तारीख लिहा.

पैसे तीन भागांत घ्यावेत: सुरुवातीला विसार, नमुना पसंत झाल्यावर दुसरा भाग, संकेतस्थळ लोकांसमोर जाण्याआधी उरलेले. किती मागायचे? तासांचा हिशेब ठेवा. समजा एका कामाला ६० तास लागले आणि तुम्ही तासाला ३०० रुपये धरले, तर १८,००० होतात. लोक ६० तासांत फक्त सीएसएस धरतात. फोनवरची बोलणी, फोटो लहान करणे, मुख्याध्यापकांना पासवर्ड पुन्हा समजावणे हेही तासच आहेत. नवशिक्याने दर कमी ठेवावा, पण शून्य ठेवू नये. एखाद्या मंडळाचे काम सेवा म्हणून करायचे असेल तर आनंदाने करा. तरीही बिल पूर्ण रकमेचे करा आणि खाली "सवलत शंभर टक्के" लिहा. मग घेणाऱ्याला कळते की त्याला काय मिळाले.

नाव, जागा आणि पासवर्ड हे पहिल्या दिवसापासून ग्राहकाच्याच नावाने नोंदवा. ग्राहक म्हणेल, "तुम्हीच करून टाका हो, आम्हाला काय कळते." तेव्हाही त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच पैशाने. चावी ज्याची त्याच्या खिशात असली की पाच वर्षांनी कोणी तुम्हाला चोर म्हणत नाही.

कामाचा मालक कोण, हेही ठरवून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामचा पहिला मालक तो लिहिणाराच असतो. पैसे दिले म्हणून मालकी आपोआप ग्राहकाकडे जात नाही. हस्तांतर सहीनिशी लेखी व्हावे लागते. लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. विश्वस्त मंडळींना हे वाचून आश्चर्य वाटेल, आम्हालाही वाटले. वर्डप्रेस स्वतः जीपीएल या परवान्याखाली आहे: कोणीही वापरा, बदला, पुढे द्या. त्यावर काम करून मेहनताना घेण्यात काही गैर नाही. मात्र विकतची थीम चोरट्या प्रतीने, ज्याला बाजारात 'नल्ड' म्हणतात, कधीच बसवू नका. तशा प्रतींत अनेकदा दुसऱ्याने चोरदरवाजा ठेवलेला असतो आणि नंतर शाळेच्या पानावर रमीहूनही वाईट काही उमटते.

करांचे फार भय नको. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी साधारणपणे लागत नाही. पण पॅन, स्वतंत्र बँक खाते आणि अनुक्रमांक घातलेली बिलांची वही हवीच. मुलांची बिले आम्ही पाहिली आहेत. कित्येकांवर तारीखच नसते.

पहिला ग्राहक कुठून येणार? ओळखीतून. मावशीच्या डब्यांच्या व्यवसायाचे एक पान, कॉलनीच्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम, अशी खरी छोटी कामे तीन करा. चौथा माणूस ती पाहून विचारतो. आणि आपल्या मुलांना एक वाट खास मोकळी आहे. थीममधली इंग्रजी वाक्ये मराठीत आणण्याचे काम जगभरचे स्वयंसेवक करतात व वर्डप्रेसच्या भाषांतराच्या जागेवर मराठीलाही स्थान आहे. 'पुढे वाचा', 'शोधा', 'प्रतिक्रिया द्या' ही वाक्ये कोणीतरी बसून लिहिलेली असतात. त्यात पैसे नाहीत, पण थीम आतून कशी जोडलेली असते ते तिथे कळते, आणि इंदूरच्या घरांत टिकलेली मराठी तिथे उपयोगी पडते.

विश्वस्त मंडळाने काय ठरवले

या वेळी "आपलाच मुलगा" हा शब्द ठरावात नाही. तीन जणांकडून लेखी दर मागवले, त्यांत दोन आपलेच माजी विद्यार्थी आहेत. त्यांना दर कमी करा असे कोणी म्हणायचे नाही, असे ठरले. शिक्षणसंस्थांसाठी असलेले 'एज्यु डॉट इन' हे नाव अर्नेट इंडियामार्फत संस्थेच्या कागदपत्रांवर मिळते, त्यासाठी अर्ज केला आहे. शाळेचा ईमेल आता पदाच्या नावाने आहे, माणसाच्या नाही. पासवर्ड बंद लिफाफ्यात तिजोरीत, आणि लिपिक बदलला की लिफाफाही बदलायचा.

२०११ चे सहा हजार देण्याचाही ठराव झाला. त्या विद्यार्थ्याला बिल पाठवायला सांगितले. तो आधी नको म्हणाला, मग पाठवले. अनुक्रमांक, तारीख, पॅन, सगळे जागच्या जागी. मुख्य रकमेखाली आणखी एक ओळ होती, जिची आम्हाला कल्पनाही नव्हती: २०११ ते २०१६ या पाच वर्षांचे नावाचे आणि जागेचे भाडे, दरवर्षीच्या पावतीसह. पहिली तीन वर्षे तो विद्यार्थीच होता. पुढे कंसात लिहिले होते, "सवलत शंभर टक्के".

खजिनदारांनी ती सवलत नाकारून दोन्ही रकमांचा एकच धनादेश काढला. नव्या नावाची नोंदणी झाली की नूतनीकरणाची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर, शाळेच्या घंटेच्या वेळापत्रकाशेजारी लागेल.